मेलेली म्हणून लिहिलेली झाडं

समोर रेंजर असो की तहसीलदार, नखवाल्या बाबांच्या बोलीत सगळे ‘तू’च. सायवनजवळच्या सागाच्या जंगलात ते रोजंदारीवर रखवालदार होते, मी वनरक्षक. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं. झाड मेलंय की जितं, हे फांदीची साल त्या नखाने खरवडून बघायचे. खाली हिरवं, ओलं दिसलं की म्हणायचे, “जिता हाय. निजलाय नुसता.”

२०१५ साली पाऊस फार कमी झाला. पुढच्या पावसाळ्यात सागाला नवी पालवी आली आणि तिच्यावर अळी पडली. एका दुपारी आभाळ कोरडं, तरी जंगलात सर पडल्यासारखा आवाज. मी हात पुढे केला, तर तळव्यावर काळे बारीक कण. अळ्यांच्या लेंड्या. वर पानापानावर त्या चरत होत्या. मानेवर काहीतरी वळवळलं आणि मी, खाकीतला माणूस, धावत रस्त्यावर आलो. बाबा हसले. “तुला नाय खात ती. पान खाते, झाड नाय खात. एक महिना थांब.”

मी थांबलो नाही. आठवड्याभरात ऐन पावसाळ्यात डोंगर उघडा पडला. तोडीसाठी वाळलेल्या झाडांची यादी वरच्या कचेरीने मागितली होती. आत शिरायची छाती होईना, म्हणून पायवाटेलगतच्या चाळीसेक झाडांवर घाईघाईने तोडीच्या खुणेचे, हातोड्याचे शिक्के मारले. बाबा मागून फांद्या खरवडत येत होते. “अरे, बघ तरी! ओलं हाय!” मी वळून पाहिलं नाही.

महिन्याभराने त्या सगळ्या झाडांना पानं फुटली. मोठाली, लुसलुशीत. मला त्या हिरव्या पानांचीच भीती वाटू लागली. मी वाट बदलून जायचो.

“तुझी मेलेली पालवली रे,” बाबा म्हणाले. “आता वर सांग.”

यादी माझ्या सहीने गेली होती. नोकरी जाईल या धास्तीने गप्प बसलो. तोड उन्हाळ्यात झाली. तेव्हा साग पानं गाळतोच, त्यामुळे तोडणाऱ्यांनाही काही वेगळं दिसलं नाही.

तोडल्यावर खुंट ओले निघाले. साहेबांनी विचारलं, “ही मेलेली कोणी ठरवली?”

मी म्हणालो, “रखवालदाराने.”

बाबा तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं काम गेलं.

दोन वर्षांत त्या खुंटांना माणसाहून उंच फुटवे आले. तिथून जाताना माझी मान वर होत नसे. २०१९ मध्ये बाबांना शोधत वाणगावला गेलो. एका मिरचीच्या वाडीत ते मजुरी करत होते. मी माफी मागितली.

मिरच्या खुडत म्हणाले, “मला काय सांगतोस? मला ठावंच हाय. आमच्या पाड्यात मला झाडं विकणारा म्हणतात. तिथं सांग.”

“लोक मारतील मला, बाबा.”

“मारतील की,” ते म्हणाले. “चल, मी येतो संगतीला.”

पाड्यावर माणसं जमली. कसंबसं म्हणालो, “बाबांनी जितीच सांगितली होती. मेली म्हणून मी लिहिलं. नाव त्यांचं घेतलं.”

कोणी हात उगारला नाही. मग ओट्यावरची एक म्हातारी सरकली आणि तिने शेजारी जागा केली. बाबा जाऊन बसले. मी उभाच राहिलो.