ढमाल्यांच्या जीपची थरथर आणि सोनकांबळे सर

शाफ्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायला अर्धं मिनिट लागतं. ती रेघ मी पुसली, त्याची किंमत अशी झाली: एका ड्रायव्हरचा डावा पाय गुडघ्याखालून गेला आणि आमच्या सरांचं धायरीचं गॅरेज वर्षभरात बंद पडलं. माझं काय गेलं? काही नाही. गौरवग्रंथात कोणी असा हिशेब आधी मांडत नाही, याची मला कल्पना आहे. पण श्री. मधुकर सोनकांबळे सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, तर काय लिहू, असं मी त्यांनाच विचारलं. सर म्हणाले, “जीपचं लिहा. हारतुऱ्यांचं बाकीचे लिहितीलच.”

सरांची माझी पहिली गाठ शनिवार पेठेत पडली. तिथे एका बोळाच्या तोंडाशी मी स्कूटर दुरुस्तीचं सामान मांडून बसायचो. सर तेव्हा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेत. त्यांची स्कूटर थांबायच्या आत मी म्हणालो, “इंजिनातले टॅपेट वाजतायत.” सरांनी हेल्मेट काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “कान चांगले आहेत तुमचे. आता तोंड मिटून ऐकायला शिका.”

निवृत्तीनंतर त्यांनी धायरीत गॅरेज काढलं आणि मला बोलावून घेतलं. माझं शिक्षण आठवी, तेही अर्धवट. गाडीच्या माहितीपुस्तकातल्या आकृत्या सरांनी मला फरशीवर खडूने काढून शिकवल्या. गुडघे दुखत असतानाही ते खाली बसत. मी खुर्ची आणली, तर म्हणाले, “गाडीखाली खुर्ची घेऊन जाणार आहात का?” एका विद्यार्थ्याला वडील गॅरेजात पाठवत नव्हते, तेव्हा सर सलग तीन रविवार त्या घरी जाऊन चहा पिऊन आले. विषय एकदाही काढला नाही. चौथ्या रविवारी वडीलच मुलाला घेऊन आले. म्हणून आम्ही शिष्यमंडळी आजही मोठ्या तोऱ्यात सांगतो की सरांनी एकदा जोडलेला माणूस कधी तुटत नाही.

आता जीप. एका संस्थेचा फिरता दवाखाना वेल्ह्याच्या बाजूच्या वाड्यांवर जायचा. गाडी फोर-बाय-फोर, म्हणजे इंजिनाची ओढ चारही चाकांना; ड्रायव्हर विठ्ठल ढमाले. क्लचप्लेट बदलायची होती. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा लांब प्रॉपेलर शाफ्टही काढला. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, दात्यांनी एकमेकांत बसतो. सरांचा दंडक असा की तुकडे सोडवण्याआधी दोन्हींवरून पांढरी रेघ ओढायची. जोडताना रेघेला रेघ जुळली पाहिजे; एका दात्याचा फरक पडला तरी फिरत्या शाफ्टचा तोल जातो. ती रेघ सरांनी स्वतः ओढली आणि ते दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले.

त्यांच्या मागे खंडेनवमी आली. गॅरेजात पूजेआधी सगळी हत्यारं, सगळे सुटे भाग लखलखीत करायची आमची रीत. मी हौसेने शाफ्ट रॉकेलने धुतला, तारेच्या ब्रशने घासला, काळा रंग दिला, वर झेंडूचं फूल ठेवलं. दसरा झाल्यावर नजरेच्या अंदाजाने जोडला आणि गाडी दिली.

आठवड्यात ढमाले आले. “मिस्त्री, सीटखाली थरथरतंय.”

“आवाज येतो का?”

“आवाज न्हाई. नुसती थरथर.”

“मग टायर बॅलन्स करून घ्या. दोष असता तर मला ऐकू आला असता.”

त्यांनी बॅलन्सिंग करून घेतलं आणि परत आले. मी गाडी सिंहगड रोडवर फिरवून आणली. त्या गर्दीत चाळिशीच्या वर काटा जातो कुठे? म्हणालो, “ढमाले, तुमच्या मनात बसलंय ते.” ते किल्ली घेऊन गेले. सर परत आले होते, पण मी त्यांना यातलं काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नाही.

महिन्याने घाट उतरताना शाफ्टचा जॉइंट तुटला. सुटलेल्या शाफ्टने ब्रेकचा पाइप तोडला. एका बाजूला दरी होती. ढमाल्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. मागे बसलेल्या नर्सबाई खरचटण्यावर निभावल्या. ढमाल्यांचा पाय पत्र्यात अडकला.

सर मला घेऊन रुग्णालयात गेले. पाय तोपर्यंत काढला होता. सर खाटेशेजारी बसले. मग हळूच म्हणाले, “विचारू का? त्रास होणार नसेल तर.”

“विचारा की साहेब.”

“थरथर स्टिअरिंगला यायची?”

“स्टिअरिंग गप असायचं. बुडाखाली, हुडहुडी भरल्यागत.”

“किती स्पीडला?”

“पंचेचाळीसच्या पुढं. साठला गायब.”

“क्लच दाबला तर?”

“तरी हाय. गिअर काढून मोकळी सोडली तरी हाय.”

“नुसती मागच्या दोन चाकांवर चालवली तर?”

“तरी तीच.” मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “हे समदं मी सांगणार व्हतो. कुनी इचारलंच न्हाई.”

स्टिअरिंग गप, म्हणजे पुढची चाकं नाहीत. गिअर काढूनही थरथर, म्हणजे इंजिन आणि क्लच नाही. पुढच्या चाकांची ओढ सोडवूनही तीच, म्हणजे मागचा शाफ्ट. चार प्रश्नांत दोष हाती आला. तेच प्रश्न महिनाभर आधी विचारायला मला पाच मिनिटं पुरली असती.

मोडलेली जीप पाहायला गेलो, तेव्हा सरांनी शाफ्टचे दाते बोटाने मोजले. एक दाता चुकला होता. “रेघ कुठंय?” मी सांगितलं. ते शाफ्टकडे पाहत म्हणाले, “रंग छान बसलाय.” एवढ्या वर्षांत यापेक्षा कठोर काही ते मला बोललेले नाहीत.

मी म्हणालो, “सर, जॉइंट डुप्लिकेट निघाला असं सांगू या. कोणीही मानेल.”

“मानतील. म्हणूनच सांगायचं नाही.”

त्या संध्याकाळी त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं: दोष आमच्या जोडणीचा आहे, तक्रार येऊनही आम्ही तो शोधला नाही. खाली सही एकट्याची. माझं नाव का नाही, असं विचारलं, तर म्हणाले, “पाटी माझ्या नावाची आहे.” संस्थेच्या गाड्या गेल्या, पाठोपाठ इतरांच्याही गेल्या, आणि एके दिवशी सरांनी स्वतः शटर ओढलं.

पुढे मी कर्वेनगरात गॅरेज काढलं. सर दर शनिवारी येऊन बसतात. तक्रारीची गाडी आली की आधी ड्रायव्हरला समोर बसवतात, चहा देतात आणि विचारत राहतात. मी शेजारी तोंड मिटून बसतो. दर महिन्याला ते ढमाल्यांकडेही जातात. ढमाले कधी बोलतात, कधी दाराआडूनच झोपलोय म्हणून सांगतात. सर पुढच्या महिन्यात पुन्हा जातात.

सरांचे गुडघे त्यांना साथ देवोत, नजर दात्यांवर अशीच ठरो, आणि आमच्या बाकावरची त्यांची शनिवारची जागा पुढची कितीतरी वर्षं भरलेली राहो, हीच आम्हा सर्वांची इच्छा.

समारंभाचं निमंत्रण घेऊन मी स्वतः ढमाल्यांकडे गेलो होतो. त्यांनी पत्रिका वाचली, घडी घालून परत दिली. ते येणार नाहीत.