मॅडमच्या नावावर जमलेले संदर्भ

धुळ्यात प्रसूतिशास्त्राच्या एका प्राध्यापक मॅडमकडे मी संशोधन सहायक म्हणून लागले. नोकरी कराराची होती आणि करार वाढवायचा की नाही, हे मॅडमच ठरवणार होत्या. त्या वर्षी विभागप्रमुखपदासाठी त्यांचा अर्ज जायचा होता. अर्जात एक आकडा लागतो: इतर संशोधकांनी तुमच्या लेखांचा संदर्भ आजवर किती वेळा दिला. इंटरनेटवर संशोधकाचं पान असतं, तिथे तो आपोआप वाढत राहतो. मॅडमनी मला त्या पानाचा पासवर्ड दिला. "बेटा, तूच बघ हे सगळं. मला वॉर्डातून वेळ होत नाही."

आकडा मोठा होता. ऑफिसातले नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आपला मॅडमना आकडा बठ्ठास्ना वर शे." आकडा सगळ्यांच्या वर आहे, हे ऐकून मी नुसती मान हलवायचे. त्यावर ते म्हणायचे, "इंग्लिश मीडियमनी पोर! बोलाले पैसा पडतस का तुले?"

जळगावच्या शाळेत असल्यापासून मला ही सवय आहे. बोलायचं टाळलं की बघायला भरपूर वेळ मिळतो. पान बघताना माझ्या लक्षात आलं की, आकड्याचा मोठा भाग एकाच लेखामुळे होता. विषय प्रसूतीनंतर वार अडकण्याचा. संदर्भ देणारे इटलीचे, इजिप्तचे, ब्राझीलचे. मॅडम आपल्या जुन्या कामाबद्दल विद्यार्थ्यांना खूप सांगायच्या, पण या लेखाचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

मी लेख उघडला. दुसऱ्या पानावर आहार दिला होता: सरकी ढेप, कडबा आणि हिरवा चारा.

लेख म्हशींवर होता. लिहिणारा कुणी पशुवैद्य. आमच्या खान्देशात एकाच आडनावाची निम्मी गावं आहेत. आडनाव तेच, नावाची दोन आद्याक्षरंही तीच, म्हणून कॉम्प्युटरने दोन माणसांचं एक करून टाकलं होतं.

मॅडमना हे माहीत होतं का? त्यांच्या सत्काराच्या बॅनरवर हाच आकडा छापला होता. मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागले. कुणी आकड्याचं कौतुक केलं की त्या लगेच पेशंटचा विषय काढायच्या. तो विनय होता की सावधपणा, मला ठरवता येईना.

मग मनात आलं, परक्याचं आत आलंय तर यांचं स्वतःचं काही बाहेर राहिलंय का? माहेरच्या नावाने शोधल्यावर एक जुना लेख निघाला. साक्रीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर घरी होणाऱ्या बाळंतपणांवरचा. त्याचा संदर्भ थोड्याच जणांनी दिला होता, पण त्यांनी तो वाचलेला दिसत होता; दोघांनी तर त्याच्याशी वाद घातला होता. हा लेख पानावर कुठेच नव्हता. लग्नानंतरच्या नावाला तो चिकटलाच नव्हता.

ओपीडी संपल्यावर मी केबिनमध्ये गेले. मॅडम हात धूत होत्या.

"मॅडम, पानावरचा एक लेख तुमचा नाहीये."

"म्हशींचा ना?" त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "मी थोडाच घातलाय? आपोआप आलाय. मुलाखत होऊ दे, मग काढ."

"काढला, मॅडम. सकाळीच."

नळ बंद झाला. "कोणाला विचारून?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. आकडा एकदम लहान झाला होता. खाली त्यांचं माहेरचं नाव आणि मी जोडलेला पाड्यांवरचा लेख. चष्मा लावून त्या वाचत राहिल्या.

"तिथे जीप जायची नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "फारच कमी दिसतंय गं हे."

"हो."

"बाकीच्यांचे आकडे कोण तपासतंय? तूच एक शहाणी?"

मी सहीसाठी आणलेला अर्ज पुढे केला.

"अर्ज ठेव इथेच. मी बघते."

अर्ज ठेवून मी बाहेर आले, पण पासवर्ड त्यांच्याकडेही होता. तो लेख परत आणणं मिनिटाचं काम. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी पान उघडलं. म्हशी नव्हत्या. टेबलावरच्या अर्जावर लहान आकडा होता आणि खाली मॅडमची सही.

पद त्यांना मिळालं नाही. आकड्यामुळेच की आणखी कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही. त्या आता मला बेटा म्हणत नाहीत. माझा करार मात्र त्यांनी वाढवला. का वाढवला, याचा मी अजून विचार करते, आणि अधूनमधून त्यांचं पान उघडून बघते.