मी कोचचा दुभाषी होतो

कुणाच्या आयुष्यावर लिहायचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपरांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहितोय ते अमेरिकेचे. त्यांचा खेळ, अमेरिकन फुटबॉल, मी कधी मैदानावर पाहिलाही नाही. तरी लिहितो, कारण सात महिने त्यांचा शब्द न् शब्द माझ्या तोंडून गेला. काही चुकलं तर माफ करा.

कोच कुठलीही वस्तू नुसती हातात धरत नसत. फाइल असो, पाण्याची बाटली असो, बिर्याणीचं पार्सल असो, ते ती कोपराच्या बेचक्यात दाबायचे आणि वरून दुसरा तळवा ठेवून चालायचे. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही वाटलं असतं, हा माणूस काहीतरी चोरून नेतोय. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "चार वर्षं माझी नोकरी हीच होती. धरायचं आणि सोडायचं नाही."

तेव्हा कतारला, दोह्यात, फुटबॉलच्या वर्ल्डकपची तयारी चालली होती. निम्मे रस्ते खणलेले, आज होता तो वळसा उद्या नसायचा. अल थुमामातल्या आमच्या घरापासून दोन बस बदलून मी एका स्टेडियमवर अर्धवेळ कामाला जायचो. गर्दी सांभाळणाऱ्या कामगारांना शिकवायला एका कंपनीने कोचना आणलं होतं. कामगार नेपाळचे, बिहारचे, दोघेतिघे आमच्या रत्नागिरीकडचेही. कोचचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात विरघळायचं, ते कुणालाच कळत नसे. म्हणून मी. ते बोलायचे, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे.

"गुडघे वाकवा, कंबर खाली. आणि पडायचंच असेल तर पुढे पडा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग चौघांना ते स्वतःला ढकलायला सांगत. पन्नाशीचा माणूस, एक गुडघा कायमचा आखडलेला, पण तसूभर हलत नसे. एकदा एक बिहारी गडी घाम पुसत मला म्हणाला, "ए दुभाषी, तेरे अब्बा पोर्ट पे हैं ना? बोल, क्रेन भेजें." अब्बा हमद पोर्टवर साधे कारकून, पण मी ते कोचना तसंच सांगितलं. ते पोट धरून हसले आणि त्याला म्हणाले, "शाबास." हिंदीतला हा एकच शब्द त्यांनी उचलला होता. तो ते सगळ्यांना वाटायचे, पाण्याचे कॅन आणणाऱ्यालासुद्धा.

त्यांचा खेळ मी माझ्यासाठी कबड्डीत बसवून घेतला होता. चढाई करणारा एकटा, समोर अकरा जण, आणि हातात चेंडू. परत फिरायची मुभा नाही, फक्त पुढे घुसायचं. पकडून आपटलं की उठायचं आणि पुन्हा घुसायचं. असं दुपारभर. डोकं किती वेळा आपटलं असेल, मी विचारलं नाही. तेही त्यांच्या घरातले कॉलेजात गेलेले पहिले. खेळामुळे फी माफ झाली होती. पुढे व्यावसायिक संघांकडून चार मोसम खेळले, तीन संघ बदलले. शेवटच्या सामन्यात गुडघा गेला, त्यांना गाडीवर आडवं घालून बाहेर नेलं. पुढच्या वर्षीच्या यादीत नाव नव्हतं.

"भरल्या स्टेडियममधून मी आडवा बाहेर आलोय," ते एकदा जेवताना म्हणाले. "एकदा चालत बाहेर पडायचंय. पहिल्या सामन्याला सगळी माणसं सुखरूप घरी गेली की सगळ्यांच्या शेवटी मी." एवढंच त्यांना हवं होतं. तोवर नोकरी टिकायला हवी होती.

आता जे सांगतो ते आजवर अब्बांनाही पूर्ण सांगितलेलं नाही.

दोन शिट्ट्या म्हणजे दारं उघडा, एक म्हणजे गर्दी थांबवा. हा आमचा पहिला धडा. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी कोच उलटं बोलले. मी सुलटं सांगितलं. उन्हाचा परिणाम असेल, म्हटलं. आठवड्याने पुन्हा तेच. मग फाटकांचे क्रमांक चुकू लागले, मग एकच धडा ते दोनदा शिकवायला लागले. मला ते कधीकधी दुसऱ्याच नावाने हाक मारायचे, जुन्या संघातला कुणी असावा. मी सगळे धडे पाठ केले. ते काहीही बोलोत, मी धडा बोलायचो. कामगार बरोबर करायचे, आणि कोच खूश व्हायचे.

हे चूक आहे असं मला वाटलं नाही. घरी मी नाव न घेता अब्बांना विचारलं होतं. ते म्हणाले, कुणाच्या पोटावर पाय देऊ नकोस, इथे नोकरी गेली की माणसाला देश सोडावा लागतो. मला तेच ऐकायचं होतं.

पाचव्या महिन्यात, सराव संपल्यावर आम्ही सावलीत बसलो होतो. कोचनी विचारलं, "आज मी नीट शिकवलं?"

"एकदम नीट, कोच."

ते समोर बघत म्हणाले, "माझ्याबरोबर खेळलेल्या दोघांची डोकी गेली. स्वतःचं घर सापडेना त्यांना. ज्याचं जातं त्याला कळत नाही, म्हणून मी खूण ठरवलीय. मी सांगेन ते मुलांनी बरोबर केलं, तर माझं डोकं ठीक. ज्या दिवशी मुलं चुकतील, त्या दिवशी मी डॉक्टरकडे जाईन."

मी पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो असतो तर डॉक्टर, मग रिपोर्ट, मग परतीचं तिकीट. मी म्हणालो, "मुलं कुठे चुकतात, कोच?"

"शाबास," ते म्हणाले.

त्यानंतर दोन महिने मी रोज त्यांची खूण खोटी करत राहिलो.

मग माझी परीक्षा आली. चार दिवस माझ्या जागी केरळची एक मुलगी होती. तिने इमानदारीने, जे ऐकलं तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी मोठा सराव होता, अधिकारी बघायला आलेले. कोच पुन्हा उलटं बोलले, आणि कामगारांना वाटलं, नियम बदलला. दोन शिट्ट्या झाल्या आणि सगळ्यांनी दारं दाबून धरली. आतले लोक दारांवर चेंगरले. सरावच होता, म्हणून कुणाला फार लागलं नाही. आठवड्याच्या आत कोचना जायला सांगितलं.

मी त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा ते बॅग भरत होते. एकच शर्ट घडी घालून ठेवत होते, काढत होते, पुन्हा ठेवत होते. मी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. ते म्हणाले, "तू नव्हतास, म्हणून गडबड झाली. ती मुलगी कच्ची होती. तू चांगला दुभाषी आहेस." मी मान हलवली. शर्टाची घडी घालून दिली.

पहिल्या सामन्याला सहा आठवडे उरले असताना त्यांच्या बहिणीचा ईमेल आला. मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो. गेल्या महिन्यात कोच पहाटे घरातून निघाले आणि चालत मोठ्या रस्त्यावर गेले. ट्रकवाल्याला ते दिसले नाहीत. तिने लिहिलं होतं की विसरणं नेमकं कधी सुरू झालं हे डॉक्टर विचारताहेत, आणि वेळेवर कळलं असतं तर त्यांना एकटं ठेवलं नसतं. तुम्ही रोज बरोबर होतात, तुम्हाला काही जाणवलं होतं का? आम्हाला मात्र तो शेवटपर्यंत हेच सांगायचा, की कतारमध्ये माझं डोकं शाबूत होतं, माझी मुलं सात महिन्यांत एकदाच चुकली.