भगदाडावरची धार

अमरगिरीद कालव्याच्या बांधाचा राखणदार होता आणि त्याचं डोकं कायम तापलेलं असायचं. जवाचे दाणे भरायच्या ऐन वेळी वरच्या गावाने पाणी पळवायला बांध फोडला. सगळ्यांत पुढे त्याचा मेहुणा लुगिद होता.

“पाणी काय तुझ्या बापाचं आहे का रे?” लुगिद ओरडला.

अमरगिरीदने सरळ कुदळ त्याच्या डोक्यात घातली. बाकीचे त्याला येताना पाहूनच पळाले होते. भगदाड मात्र रुंदावतच होतं, बोरूच्या मोळ्या टाकल्या तशा वाहून जात होत्या. त्याने मेहुण्याला पाय धरून भगदाडात लोटलं, वर मोळ्या रचल्या, वर चिखल थापला. पाणी थांबलं. चिखलातून एक हात अजून हलत होता. त्यावर त्याने पाय दिला.

“पळाला तुझा भेकड नवरा,” त्याने बहिणीला सांगितलं.

पण मेलेल्याला प्यायला घातलं नाही तर तो घरात शिरतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून दर अमावास्येला तो बांधावर जवाची दारू ओतायचा.

एकदा ओतून तो वळला, तर मागे बहीण उभी. तिच्या हातात त्याचीच कुदळ होती.

“दादा, आपले आईबाप तर घरातच पुरलेत. मग इथं कुणाला पाजतोयस?”