रंगपेट्या परत घेण्याचं काम

अध्यक्ष साहेबांनी पाहुण्या बाईंच्या खांद्यावर शाल घातली आणि अख्खी शाळा हसली.

शालीवर लाल पंजा होता. चार बोटं, एक अंगठा, अगदी स्वच्छ उमटलेला. माझा.

चूक माझीच. सकाळपासून मी गेटवरचा स्वागत फलक रंगवत होतो. ऐन वेळी साहेबांना आठवलं की बाईंच्या नावाआधी 'कलाप्रेमी' पाहिजे. तेही लाल रंगात. शेवटच्या वेलांटीवर होतो तेवढ्यात गाडी आली. कुणीतरी ओरडलं, "ताट घ्या, ताट!" मी तसाच पळालो. शाल ताटात सरकत होती म्हणून हातानं दाबून धरली. एवढंच. आयुष्यभर चित्रं काढली, पण माझं एवढं ठळक काम एकदम एवढ्या लोकांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बाई ओशाळून हसल्या. साहेब हसले नाहीत. माईक चालू होता, त्यांना भान राहिलं नाही. किंवा असेलही.

"माफ करा मॅडम. पेंटर आहे आमचा. फलक रंगवायला ठेवलाय, शालीला हात लावायला नाही."

मैदानावरची पोरं हसायची थांबली. त्यांना माहीत होतं मी कोण आहे ते.

माझा बाप शहागंजात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आमच्या घरात पेंटर हा शब्द बापाच्या नावाआधी लागायचा, मानानं. पण साहेबांनी तो असा उच्चारला, जसं काही मी गटार उपसून थेट व्यासपीठावर चढलो होतो. आणि मी काय केलं? मी मान हलवली. 'बरोबर आहे साहेब,' अशी. माझी मान फार समजूतदार आहे. मला न विचारता हलते.

मी या शाळेत चित्रकला शिकवतो. रीतसर ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केलेला माणूस. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचा पगार, आणि चित्रकलेचा तास गणितवाल्यांनी मागितला की तोही गेला. माझ्या थोरल्याच्या बारशाला नोकरीला लागलो, आणि कायम होण्याची वाट बघत त्याचं लग्नाचं वय झालं. फलक माझ्याकडं, रांगोळी माझ्याकडं, साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर माझ्याकडं. शिकवायचं कधी, ते विचारू नका.

बाईंचा ट्रस्ट पुण्याचा. शाळांतल्या पोरांना रंग, कागद देतात. चित्रकलेच्या मास्तरांना बोलावून आठवडाभर शिकवतात, कसं शिकवावं ते. मी ते ऐकलं तेव्हा घरी जाऊन बॅग काढून झटकली होती. बायको म्हणाली, "कुठं चालले?" म्हटलं, "पुण्याला. शिकायला."

पण पुण्याला गेलं कोण, तर साहेबांच्या सूनबाई. त्या आमच्याकडं इंग्रजी शिकवतात. चांगल्या शिकवतात, खोटं का बोलू. पण तिथं 'कलाशिक्षिका' म्हणून गेल्या. मी बॅग परत माळ्यावर टाकली.

त्या दिवशी व्यासपीठावर साहेब म्हणाले, "आणि ह्या आमच्या कलाशिक्षिका." सूनबाई उठल्या. टाळ्या पडल्या. त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि पदर सारखा केला. मी ताट घेऊन खांबाजवळ उभा. कुणी विचारलंच तर ताटासाठी ठेवलेला माणूस.

मग रंगपेट्या वाटल्या. सहावीच्या पोरांना पुढं बोलावलं. एकेकाच्या हातात नवी पेटी, वरचं प्लास्टिक चकचकीत. "छातीजवळ धरा. हसा." फोटो झाले.

आता आमच्या शाळेची रीत सांगतो. फोटो झाले की पेट्या परत घ्यायच्या. गेल्या वर्षीच्याही ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहेत, न उघडलेल्या. साहेबांचं म्हणणं, पोरांच्या हातात दिल्या की दोन दिवसांत संपतात, मग पुढच्या पाहुण्यांना काय दाखवायचं? पोरांनाही सवय झालीय. पेटी बोटांच्या टोकांनी धरतात, दुसऱ्याच्या घरचं लेकरू घेतल्यासारखी. आणि परत घ्यायचं काम कुणाचं? चित्रकलेच्या मास्तरचं. मी दरवर्षी ते केलंय. ताट बदलून खोकं घ्यायचं, एवढाच फरक.

पाहुणे ऑफिसात चहाला गेले. मी खोकं घेऊन सहावीच्या वर्गात.

पोरांनी निमूट पेट्या टाकायला सुरुवात केली. ठक. ठक. ठक. मधल्या बाकावर निकिता बसते. बाप चिकलठाण्याला कंपनीत आहे, ही घरी भिंतीवर कोळशानं चित्रं काढते म्हणून मार खाते. ती पेटी घेऊन आली. टाकली नाही.

"सर, टाकते. आधी नुस्ता वास घेऊ का?"

"कशाचा?"

"रंगाचा. कसा असतोय बघते. फाडत नाय, वरूनच घेते."

आणि तिनं बंद प्लास्टिकला नाक लावलं. डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाली, "काहीच येत नाय सर."

तिथं माझ्या आत काहीतरी तुटलं म्हणावं, तर तसं काही झालं नाही. उलट लई गार वाटलं. वाटलं, आपण संपलोय. साहेब माईकवर पेंटर म्हणाले तेव्हा नाही, आत्ता. हे लेकरू माझ्याकडं शिकतंय आणि त्याला रंगाचा वास माहीत नाही. मी कशाचा मास्तर?

मी खोकं उलटं केलं. पेट्या टेबलावर सांडल्या.

म्हटलं, "फोडा."

कुणी हललं नाही. त्यांना वाटलं गंमत करतोय. माझी वर्गात ख्यातीच तशी.

"फोडा म्हणतो ना! दातानं फोडा!"

मग जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. प्लास्टिक फाटण्याचा. पोरं फरशीवर बसली. पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणात पाणी. कागद नव्हते, तर वह्यांची मागची पानं. कुणी मला विचारलं नाही, काय काढू. निकितानं आधी निळ्यात बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. नाक निळं झालं.

तेवढ्यात दारात पाहुण्या बाई. हातावर शाल.

"हे धुतल्यावर जाईल का हो?"

"पोस्टर कलर आहे मॅडम. गार पाण्यात जाईल."

त्यांनी फरशीवर बघितलं. "तास चालू आहे? कलाशिक्षिका कुठायत?"

त्यांच्या मागं साहेब येऊन उभे राहिले होते. माझी समजूतदार मान हलायला निघाली होती. मी ती धरली.

"मीच आहे. इथला चित्रकलेचा मास्तर मीच. त्या इंग्रजी शिकवतात. आणि ह्या पेट्या रोज फोटोनंतर कपाटात जातात."

'रोज' म्हणालो. दरवर्षी म्हणायचं होतं. घाबरलेला माणूस हिशेबात चुकतो.

साहेब म्हणाले, "मॅडम, चहा गार होतोय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. साहेबांकडं बघितलं. मग त्या चहाला गेल्या.

हो, गेल्या. पुढं काही झालं नाही. खिडकीतून त्यांची गाडी जालना रोडकडं वळताना दिसली, त्यांचं विमान होतं. मला वाटत होतं, गाडी थांबेल. वय झालं तरी माणूस असं काही वाटून घेतो.

साहेब परत आले. "गोळा करा ते सगळं."

"नाय करत."

हे माझ्या बापाचं बोलणं होतं. शाळेत मी 'नाही' म्हणतो.

"काय म्हणलात?"

"नाय करत साहेब. पेट्या पोरांच्या आहेत. परत घ्यायचं काम माझं नाय. इथून पुढं कधीच नाय."

साहेब शांतपणे म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका. तासिकेवरच्या माणसाला पत्र लागत नसतं." आणि जाता जाता, "फलक तेवढा उतरवून जा."

मी फलक उतरवला नाही. अजून तिथंच आहे, 'कलाप्रेमी' लाल रंगात. तसाच घरी निघालो. छावणीच्या चढावर सायकल हातात धरून चाललो. डोळ्यांसमोर एकच येत होतं. सोमवारी निकिता ती फोडलेली पेटी घेऊन बसेल आणि तासाला गणितवाले येतील. पेटी दप्तरात जाईल. मग रंग वाळतील. मी एवढं केलं ते एका दुपारपुरतं.

बायको मशीनवर ब्लाउज शिवत होती. सगळं ऐकताना तिचा पाय थांबला नाही. संपल्यावर म्हणाली, "शालीचं काय झालं?"

म्हटलं, "अगं, नोकरी गेली."

"ती होती कधी?" तिनं दोरा दातानं तोडला. मग मशीन थांबवली.

"सोमवारी डबा करते. त्यांना काढायचंच असंल तर पोरांसमोर हाताला धरून काढू द्या. तुम्ही आपल्या पायानं गेटाबाहेर पडायचं नाय."