क्रूझवरची हाऊजी

आधीच सांगतो, मी या असल्या गोष्टींतला माणूस नाही. आमचा ट्रेलरचा धंदा, पेणला ऑफिस. ड्रायव्हर लोक गाडीला लिंबू-मिरची बांधतात आणि मला दिसली की मी ती काढून फेकतो... त्यावरून एक जण नोकरी सोडून गेला, तरी फेकतो. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवण झाल्यावर टाइमपास म्हणून वाचतो आणि बायकोला वाचून दाखवत हसतो. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलोय याची लाज वाटतेय. दुसरी लाज हिच्याहून मोठी आहे. ती पुढे येईलच.

ज्या कंपनीचे कंटेनर आम्ही ओढतो, तिने या हिवाळ्यात आम्हा ट्रान्सपोर्टवाल्यांना दोन रात्रींच्या क्रूझवर नेलं. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं, परत यायचं. बायकोच्या माहेरी नेमकं लग्न निघालं, म्हणून मी वडिलांना — आप्पांना — घेऊन गेलो. खरं सांगायचं तर तिकीट फुकट जाऊ नये म्हणून.

आप्पांनी उभा जन्म धरमतर खाडीच्या मिठागरात काढला. आता कान गेलेत. मशीन आहे, पण डेकवरच्या वाऱ्याने त्यात नुसतं घों-घों होतं, म्हणून पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ते खिशात टाकलं ते टाकलंच.

आणि काय मजा केली म्हाताऱ्याने! रूम आवरणाऱ्याने टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला होता, तो मोडू देईनात. अंघोळीनंतर माझाच टॉवेल ओढून घेतला. बुफेत पास्त्याच्या शेजारी कांदेपोहे दिसले तर वाढणाऱ्याला हात जोडून नमस्कार केला, मग एक घास खाऊन मोठ्याने म्हणाले, "मीठ नाय रं यांच्या हाताला!" शेजारच्या टेबलावर कंपनीचे मॅनेजर सहकुटुंब बसले होते. मी मान खाली घालून पोहे खाल्ले.

संध्याकाळी रेलिंगला टेकून आप्पा किनारा ओळखत उभे होते. "ती बघ खांदेरीची बत्ती. तिच्या आड थळ, मंग किहीम. जन्मभर तिकरून हिकरं बघितला, आज हिकरून तिकरं बघतंय." इतके खूश होते की मलाही जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पूलजवळच्या हॉलमध्ये हाऊजी होती. भिंतीवरच्या स्क्रीनवर नकाशात आमचं जहाज दिवेआगरच्या समोर कुठेतरी दाखवत होतं. मध्ये एक पिंजरा, त्यात नंबरचे गोळे. सूटबूट घातलेला एक होस्ट एकेक गोळा काढून हिंदी-इंग्लिशमध्ये भराभर पुकारायचा. आप्पांना हाऊजीचं वेड. मी त्यांना मशीन लावायला सांगितलं. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं, तिकीट आणि पेन घेऊन बसले.

पहिल्या डावात आप्पा मध्येच उठून ओरडले, "झाला! फुल हाऊस!" होस्टने तिकीट तपासलं. एक नंबर अजून आलेलाच नव्हता. "अंकल को बहुत जल्दी है," तो म्हणाला. हॉल हसला, आप्पांचं तिकीट बाद झालं. पुढचा गोळा निघाला तो नेमका तोच नंबर. योगायोग, मी म्हटलं.

दुसऱ्या डावात आप्पा पुन्हा उठले. या वेळी दोन नंबर आलेले नव्हते. होस्टने हसतहसत ते माइकवर वाचून दाखवले, पिंजऱ्यात हात घातला... आणि ते दोन्ही लागोपाठ निघाले.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "सेटिंग है." मॅनेजरची बायको आमच्याच टेबलावर होती. ती म्हणाली, "मी बघत होते, हे आधीच खोडतात. प्रत्येक नंबर!" होस्टचा चेहरा पडला, कारण संशय त्याच्यावरही येत होता. माझे कान तापले. मी आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन दबक्या आवाजात ओरडलो, "काय चाललंय हे?"

"माजी काय चूक? नाना बोलतंय, मी खोडतंय."

नाना म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, माझे काका. आमच्या गावात गणपतीत मंडपात हाऊजी चालते आणि नंबर पुकारायचे नानाच. प्रत्येक नंबराला गावातल्या कुणाची तरी खोडी जोडायचे. खाकरायचे, नंबर लांबवायचे, लोकांना तंगवायचे. अख्खं गाव हसायला जमायचं. नाना जाऊन बरीच वर्षं झाली.

हे मी त्या हॉलमध्ये कुणाला सांगणार?

मॅनेजर समजूतदार माणूस. ते म्हणाले, "चला, मजा म्हणून बघू. पुढचा नंबर काकांनी आधी सांगायचा. बरोबर आला तर बक्षीस त्यांचं. नाही आला तर विषय संपला." आप्पांना हिंदी जेमतेम, त्यात ऐकू येत नाही, म्हणून ठरलं की ते मला सांगतील आणि मी सगळ्यांना. मी आप्पांना खाणाखुणा करून समजावलं. ते खुर्चीत ताठ बसले. सगळा हॉल उभा राहून बघत होता, काहींनी मोबाइल काढले होते.

होस्टने पिंजरा फिरवला.

आणि मला खाकरणं ऐकू आलं. माझ्या डाव्या बाजूला, अगदी जवळ. त्या बाजूला काचेची खिडकी होती आणि बाहेर समुद्र. मग तो आवाज, जसाच्या तसा, लांबवलेला —

"भिकूशेटचं दाऽऽत... तेरा!"

भिकूशेट आमच्या गावचा किराणावाला. लहानपणी आम्ही पोरं त्याला तोंड उघडायला लावून दात मोजायचो. नाना हे म्हणाले की मी मंडपात पोट धरून लोळायचो. मोठ्याने ऐकू आलं हो मला. हॉलमधल्या दुसऱ्या कुणाचीही मान हलली नाही. फक्त आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काही सांगायची गरजच पडली नाही, माझा चेहराच त्यांनी वाचला असणार. डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणाले, "आयकलास ना? सांग त्यानला."

एक शब्द बोलायचा होता. तेरा.

माझ्यासमोर मॅनेजर उभे होते. मार्चमध्ये आमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. मोबाइल रोखलेले होते. मनात आलं, आत्ता बरोबर बोललो तर आपण एक तर चोर ठरणार नाहीतर भुतं बघणारे गावंढळ. मी हसलो. हो, हसलो. आणि म्हणालो, "कुछ नहीं बोल रहे. सॉरी सर... उमर हो गई है, दिमाग थोडा..." आणि कपाळाशी बोट फिरवलं.

आप्पांना ते शब्द ऐकू आले नाहीत. बोटही दिसलं नसावं, कारण ते पिंजऱ्याकडे बघत होते. गोळा निघाला. होस्टने पुकारलं, "अनलकी थर्टीन!" गोळ्यावरचा आकडा आप्पांनी लांबून वाचला आणि हसऱ्या चेहऱ्याने चहूकडे बघितलं, आता टाळ्या पडतील म्हणून. लोक आपापल्या खुर्च्यांकडे परतत होते. मॅनेजरच्या बायकोने माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचंही असंच होतं हो."

"काय बोल्लं ते?" आप्पांनी विचारलं. मी त्यांना धरून रूमवर आणलं.

पलंगावर बसून त्यांनी खिशातून मशीन काढून कानात घातलं, नीट ऐकू यावं म्हणून. मग म्हणाले, "नानाच व्हता ना रं? तू पन आयकलास."

आता सांगायला काय हरकत होती? दार बंद होतं, आम्ही दोघंच होतो. पण एकदा 'हो' म्हटलं असतं तर मग हॉलमध्ये का नाही बोललास, हे आलंच असतं. मी म्हणालो, "नाही आप्पा. मला काहीच ऐकू नाही आलं."

माझ्यावर त्यांचा फार विश्वास. "मंग माजाच डोका फिरला," असं म्हणाले आणि आडवे झाले. रात्रीच्या बुफेला आले नाहीत.

मी पुष्कळ डोकं खाजवलंय. नाना म्हणावे तर एवढ्या वर्षांनी, आमच्या अंगणात नाही, गणपतीत नाही, त्या एसी हॉलमध्ये कसे? भास म्हणावा तर एकाच वेळी दोघांना, आणि पुढे तोच नंबर? यातलं काही मला आजही उलगडलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

घरी आल्यावर आप्पा स्वतःहून म्हणाले, "मना डाक्टरकरं ने." या माणसाने उभ्या आयुष्यात तापाची गोळी मागून घेतलेली नाही. पनवेलला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. स्कॅन झालं, त्यात काही निघालं नाही. तरी आवाजांसाठी म्हणून गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी दिवसभर झोप येते. आप्पा त्या नेमाने घेतात, एकही चुकवत नाहीत.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सगळं विचारून घेतलं होतं. झोप, भूक, साखर. शेवटी पेन थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला असे आवाज ऐकू येतात का?"

आप्पांनीही माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "नाही."