चार दिवस शिकवलं आणि म्हणे पोरींत टॅलेंट नाय

मित्रांनो, आजच्या मॅचनंतर मला शिसारी आलीय.

टोकरखाड्यात माझ्या शेजारी राहणारी बारा वर्षांची सुनीता कॉलनीच्या मुलींच्या टीममध्ये फुटबॉल खेळते. कोच पोरांना वर्षभर शिकवतो, पोरींना मॅचआधी फक्त चार दिवस. एरवी त्या गोलामागून पोरांचे बॉल आणून देतात.

आज त्या हरल्या, तर कोच तोंडावर म्हणाला, "पोरींत टॅलेंटच नाय. टीम बंद!"

मी म्हटलं, "सर, यांना शिकवलं कधी?"

"तू किती शिकलाय रे?"

"चौथी. पण कंपनीत उस्तादाने सहा महिने शिकवलं, तेव्हा मशीनवर हात बसला."

सगळे हसले.

घरी येताना सुनीताने विचारलं, "दादा, माझ्यात खरंच काही नाय?"

एवढ्याशा पोरीला हे विचारायला लावणाऱ्याला कोच म्हणायचं का?